दानपेटीच्या किल्ल्या

१९ मे ३०३. उत्तर आफ्रिकेतले सिर्ता हे शहर, म्हणजे आजच्या अल्जीरियातले कॉन्स्टंटिन. नगराचा अधिकारी फेलिक्स आपल्या माणसांसह त्या घरी आला, जिथे गावातले ख्रिस्ती लोक उपासनेला जमत. सम्राट डायोक्लेशियनचा हुकूम निघाला होता, शास्त्रग्रंथ ताब्यात घ्यायचे होते आणि घराची झडतीही होणार होती. सोबतचा कारकून एकेक वस्तू टिपून घेऊ लागला. सोन्याचे दोन प्याले. चांदीचे सहा प्याले. चांदीचे सात दिवे. साखळ्यांसकट पितळी दिवे अकरा. आणि मग बायकांचे अंगरखे ८२, डोक्यावरून घ्यायची वस्त्रे ३८, पुरुषांचे अंगरखे १६, पुरुषांच्या जोड्यांचे १३ जोड, बायकांच्या जोड्यांचे ४७ जोड. ग्रंथांची कपाटे उघडली तर रिकामी निघाली. भोजनघरात मोठे रांजण सापडले, त्यांचीही संख्या लिहिली गेली. पुढे ३२० साली एका खटल्यात ही यादी वाचून दाखवण्यात आली, म्हणून ती आपल्यापर्यंत पोचली.

या अभ्यासक्षेत्रात पाऊल टाकणाऱ्या वाचकाला मी सर्वांत आधी ही यादी वाचायला सांगतो. सोन्याचांदीचे प्याले प्रभुभोजनाचे, दिवे उपासनेचे, हे उघड आहे. पण ८२ अंगरखे कशासाठी? बहुतेक अभ्यासकांचे म्हणणे असे, की हे कपडे गोरगरिबांना वाटण्यासाठी ठेवलेले होते. आणि पुरुषांच्या मानाने बायकांचे कपडे इतके जास्त, कारण मंडळीच्या आधारावर जगणाऱ्यांत विधवाच अधिक होत्या. ही यादी कोणा उपदेशकाने लिहिलेली नाही. लिहिणारा छळ करणाऱ्यांचा नोकर होता, त्याला या लोकांच्या सद्गुणांशी काही देणेघेणे नव्हते. तरीही एका लहानशा मंडळीचा विश्वास आठवड्यातल्या इतर सहा दिवसांत काय करत होता, हे या जप्तीच्या कागदाइतके स्पष्ट सांगणारी साधने थोडीच आहेत.

पुढच्या पानांत ज्याची चर्चा आहे तो विषय म्हणजे ख्रिस्ती श्रद्धेतून आलेले औदार्य. उदारता म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पहिल्यांदा येते ते मोठे मन, दयाळू स्वभाव, हात सैल असलेला माणूस. प्रवचनांत तेच येते आणि चरित्रांतही. माझे मत वेगळे आहे, आणि ते सुरुवातीलाच सांगितलेले बरे. ख्रिस्ती परंपरेतले देणे समजून घ्यायचे तर ज्या व्यवस्थेतून ते दिले गेले ती व्यवस्था पाहावी : पैसा कोणी गोळा केला, कुठे ठेवला, किल्ली कोणाकडे होती, कोणाची नावे यादीत होती, वाटताना प्रथम कोण आणि शेवटी कोण. या परंपरेने देवाविषयी जे मानले ते तिच्या हिशेबाच्या पद्धतीत जितके उतरले आहे, तितके तिच्या स्तुतिगीतांतही क्वचितच उतरले असेल.

एक गोष्ट आधीच मान्य करून पुढे जाऊ. गरिबाला द्यावे हे ख्रिस्ती लोकांनी शोधून काढले नाही. शेताच्या कडा पूर्ण कापू नयेत, विसरलेली पेंढी आणायला मागे फिरू नये, ती परका, अनाथ आणि विधवा यांच्यासाठी असू द्यावी, हे नियम मोशेच्या शास्त्रातले. दानाने पापक्षालन होते हा विचार तोबीत आणि सिराख या यहुदी ग्रंथांत आधीच रुजलेला होता. येशू यहुदी होता, त्याचे पहिले शिष्य यहुदी होते. देणे ही धर्माची बाब आहे हे त्यांना कोणी नव्याने शिकवायची गरज नव्हती. गॅरी अँडरसन यांनी अलीकडच्या काळात हा धागा फार परिश्रमाने उलगडून दाखवला आहे.

ग्रीक-रोमन जगातही देण्याची कमतरता नव्हती. श्रीमंत नागरिक आपल्या शहराला स्नानगृहे, नाट्यगृहे, खेळ, मेजवान्या देत आणि त्यांची नावे दगडात कोरली जात. रोममध्ये फुकट धान्य मिळे, पण ते नागरिकांच्या यादीप्रमाणे. भूक किती हा प्रश्न तिथे येत नसे. पीटर ब्राउन या इतिहासकाराने दाखवून दिले, की चौथ्या-पाचव्या शतकांत ख्रिस्ती बिशपांनी जे घडवले ते या पार्श्वभूमीवर मोठे स्थित्यंतर होते. ‘आपले शहर’ आणि ‘आपले नागरिक’ या चौकटीत दान देणाऱ्या समाजाला त्यांनी ‘गरीब’ नावाचा एक वर्ग पाहायला लावला, ज्याच्याकडे नागरिकत्व असो वा नसो. ब्राउन यांचा ‘थ्रू द आय ऑफ अ नीडल’ हा २०१२ सालचा ग्रंथ जाडजूड आहे, पण नवख्या वाचकाने त्याला घाबरू नये. कोणतेही एक प्रकरण उघडावे आणि वाचत सुटावे.

तरी सुरुवात ब्राउन यांच्यापासून करू नये. ती प्रेषित पौलापासून करावी.

इ.स. ५५ च्या आसपासची गोष्ट. यरुशलेममधल्या ख्रिस्ती मंडळीत दारिद्र्य होते आणि पौल गलतिया, मासेदोनिया, अखया इथल्या मंडळ्यांतून तिच्यासाठी वर्गणी जमवत होता. ही वर्गणी त्याच्या आयुष्याची काही वर्षे खाऊन गेली. करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या शेवटच्या अध्यायात तो पद्धत सांगतो : आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपल्या मिळकतीच्या मानाने काही बाजूला काढून आपल्याजवळ साठवावे, म्हणजे मी आल्यावर धावपळ नको. साधी सूचना आहे. पण तिच्यात किती गोष्टी गृहीत आहेत पाहा. देणारा श्रीमंत असेलच असे नाही, त्याच्याकडे एकरकमी काही नाही, म्हणून आठवड्याला थोडे थोडे. प्रत्येकाने द्यायचे, एखाद्या धनवंताने सगळ्यांच्या वतीने नाही. आणि पौलाच्या भाषणाने भारावून जाऊन द्यायचे नाही. तो येण्याआधीच ते जमलेले असायला हवे.

पौलाच्या मंडळ्यांतली माणसे आर्थिकदृष्ट्या कोणत्या थरातली होती, यावर स्टीव्हन फ्रीसन, जस्टिन मेगिट, ब्रूस लाँगनेकर अशा अभ्यासकांनी गेल्या तीन दशकांत बरेच वाद घातले आहेत. तपशिलांत मतभेद आहेत, पण बहुसंख्य लोक पोटापुरते मिळवणारे किंवा त्याहूनही खाली होते याबद्दल फारसे दुमत उरलेले नाही. हे लक्षात ठेवून करिंथकरांस दुसऱ्या पत्राचे आठवे आणि नववे अध्याय वाचावेत. पौल तिथे मासेदोनियाच्या मंडळ्यांचे उदाहरण देतो. त्या हलाखीत होत्या आणि तरीही त्यांनी ऐपतीबाहेर दिले. इतकेच नाही, तर आम्हालाही यात वाटा घेऊ द्या म्हणून पौलाची विनवणी केली. देण्याची परवानगी मागणारे गरीब लोक, हे दृश्य मला या सबंध वाङ्मयातले सर्वांत महत्त्वाचे वाटते. ज्याला देता येते तो केवळ मदतीचा विषय राहत नाही, तो बरोबरीने बसतो. पौल नेमका बरोबरीचाच मुद्दा मांडतो : आज तुमच्या विपुलतेने त्यांची उणीव भरावी, उद्या त्यांच्या विपुलतेने तुमची. आधार म्हणून तो रानातल्या मान्न्याची कथा घेतो, जिथे जास्त गोळा करणाऱ्याला जास्त उरले नाही आणि कमी गोळा करणाऱ्याला कमी पडले नाही. आणि या सगळ्याच्या मुळाशी तो ख्रिस्ताला ठेवतो, जो धनवान असून आपल्यासाठी दरिद्री झाला. श्रद्धेचा इतका मोठा सिद्धांत आणि तो सांगायचे निमित्त काय, तर वर्गणी!

आठव्याच अध्यायात पुढे एक मजकूर आहे, तो वाचक बहुधा भरभर ओलांडतात. तीत या सहकाऱ्याबरोबर पौल आणखी दोन बंधूंना पाठवतो. त्यांतला एक मंडळ्यांनी निवडलेला आहे. कारण? एवढ्या मोठ्या रकमेच्या बाबतीत कोणी आपल्याला दोष देऊ नये. प्रभूच्या दृष्टीने आणि माणसांच्याही दृष्टीने व्यवहार चोख असावा. प्रेषितांच्या कृत्यांच्या विसाव्या अध्यायात पौलाबरोबर निघालेल्या माणसांची यादी येते : बिरुयाचा सोपत्र, थेस्सलनीकाचे अरिस्तार्ख आणि सकुंद, दर्बेचा गायस, तीमथ्य, आशियाचे तुखिक आणि त्रफिम. ती माणसे कशाला निघाली होती हे तिथे सांगितलेले नाही, पण अनेक अभ्यासक त्यांना आपापल्या मंडळीचा पैसा पोचवणारे प्रतिनिधी मानतात. पैसा हातात आल्यावर पौलाने स्वतःच्या प्रामाणिकपणाची ग्वाही देऊन काम भागवले नाही. त्याने साक्षीदार नेमले. संशय घेणाऱ्याला त्याने अश्रद्ध ठरवले नाही, त्याच्यासाठी हिशेबात जागा ठेवली. आजच्या कोणत्याही धर्मादाय संस्थेच्या विश्वस्तांनी या ओळींजवळ थोडे थांबावे.

पैसा पोचला का? यरुशलेमने तो आनंदाने घेतला का? रोमकरांना लिहिताना पौलाला स्वतःलाच ही काळजी होती. आपली सेवा तिथल्या पवित्र जनांना मान्य व्हावी म्हणून त्याने प्रार्थना मागितली होती. प्रेषितांची कृत्ये हा ग्रंथ या बाबतीत जवळजवळ गप्प आहे. चोविसाव्या अध्यायात पौल आपल्या लोकांसाठी दाने घेऊन आल्याचा एक ओझरता उल्लेख तेवढा आहे. घेणाऱ्याच्या बाजूचा इतिहास हा या क्षेत्रातला सर्वांत मोठा रिकामा भाग आहे, आणि तो पहिल्या वर्गणीपासूनच रिकामा आहे.

करिंथची दुसरीही बाजू आहे. पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात पौल रागावलेला आहे. प्रभुभोजनासाठी जमलेल्यांत काही जण आपले आणलेले आधीच खाऊन मोकळे होतात आणि ज्यांच्याकडे काही नाही ते उपाशी राहतात. याला आपल्याकडे नेमका शब्द आहे : पंक्तिभेद. पौलाच्या दृष्टीने असे जेवण प्रभूचे भोजन राहतच नाही. वाटून खाण्यात खोट आली की उपासनेतच खोट आली, असा हा युक्तिवाद आहे, आणि पुढची चार शतके ख्रिस्ती लेखक त्याच्याकडे पुन्हा पुन्हा वळतात.

दुसऱ्या शतकात रोममधला ख्रिस्ती लेखक जस्टिन सांगतो, की रविवारच्या उपासनेनंतर ज्यांना शक्य आहे ते स्वेच्छेने देतात. जमलेले उपासना चालवणाऱ्याजवळ ठेवले जाते आणि त्यातून अनाथ, विधवा, आजारी, कैदी, परगावाहून आलेले यांची सोय होते. त्याच शतकाच्या अखेरीस कार्थेजचा तर्तुल्यन मंडळीच्या पेटीबद्दल लिहितो. महिन्यातून एकदा, मनात असेल तर आणि जमेल तर, प्रत्येकाने तीत टाकायचे. पैसा कुठे जातो हेही तो सांगतो : गरिबांचे दफन, पोरकी मुले, घरात म्हातारे झालेले गुलाम, जहाज फुटून उघड्यावर पडलेले, श्रद्धेपायी खाणींत, बेटांवर किंवा तुरुंगांत डांबलेले. त्याची यादी वाचताना त्या काळच्या समाजात माणूस कुठे कुठे टाकून दिला जाई, याचा जणू नकाशाच समोर येतो.

आणि ज्यांच्याकडे पेटीत टाकायला काहीच नाही त्यांचे काय? याचे उत्तर मला या वाङ्मयातली विलक्षण गोष्ट वाटते. अथेन्सचा अरिस्टायडीज लिहितो, की जवळ जादा अन्न नसेल तर हे लोक दोन-तीन दिवस उपास करतात आणि वाचलेले गरजवंताला देतात. ‘हर्मासचा मेंढपाळ’ या रोममधल्या ग्रंथात तर रीतच घालून दिली आहे : उपासाच्या दिवशी भाकर आणि पाणी घ्यावे, एरवी त्या दिवशी जेवणावर किती खर्च झाला असता त्याचा हिशेब करावा आणि तेवढी रक्कम विधवेला, पोरक्याला किंवा गरजूला द्यावी. उपास आपल्याला परका नाही. एकादशीपासून चतुर्थीपर्यंत आपल्या घरांत तो वर्षभर असतो. म्हणूनच मराठी वाचकाला इथला वेगळेपणा चटकन कळेल. इथे उपासाचे फळ दुसऱ्याच्या ताटात वाढायचे आहे, आणि ते मोजून.

तिसऱ्या शतकाच्या मध्यापर्यंत ही व्यवस्था केवढी वाढली होती हे रोमचा बिशप कॉर्नेलियस याच्या २५१ च्या सुमाराच्या पत्रात दिसते. इतिहासकार युसेबियसने ते जपून ठेवले. मंडळीत ४६ वडील, ७ सेवक, ७ उपसेवक, ४२ साहाय्यक असे मोजत मोजत तो शेवटी सांगतो, की विधवा आणि गरजू मिळून १५०० हून अधिक जणांचे पोषण होत आहे. त्याच काळात कार्थेजच्या सिप्रियनने, नुमिदियात टोळ्यांनी पळवून नेलेल्यांच्या सुटकेसाठी एक लाख सेस्टर्स जमवून पाठवले. सोबतच्या पत्रात तो देणाऱ्यांची नावे कळवतो. रोमन श्रीमंताचे नाव दगडात कोरले जाई. ही नावे प्रार्थनेत उच्चारली जावीत म्हणून पाठवली होती. नावाची हौस माणसाला असतेच. सिप्रियनने तिला दुसरी जागा दिली.

इथे आपण त्या प्रश्नापाशी येतो ज्यावर ख्रिस्ती विचारवंत आजतागायत भांडत आले आहेत. देणारा कोणासाठी देतो? सिप्रियनने दानाला पापाचे औषध म्हटले. म्हणजे गरीब हा श्रीमंताच्या तारणाचे साधन झाला का? दोष खरा आहे, आणि मध्ययुगातल्या अनेक देणग्यांची कागदपत्रे पाहिली तर तो अधिकच खरा वाटतो. पण परंपरेच्या आतूनच त्याला उत्तर मिळाले आणि ते देणाऱ्यांत कैसरियाचा बेसिल अग्रभागी आहे.

कैसरिया म्हणजे आजच्या तुर्कस्तानातले कायसेरी, तेव्हाच्या कप्पदुकियाची राजधानी. ३६९ च्या सुमारास तिथे भीषण दुष्काळ पडला. समुद्र दूर, बाहेरून धान्य येण्याची सोय नाही, आणि कोठारे भरलेले जमीनदार भाव चढण्याची वाट पाहत बसलेले. बेसिल स्वतः श्रीमंत घरातला, अथेन्समध्ये शिकलेला, वक्तृत्वात मुरलेला. त्याने लूककृत शुभवर्तमानातला, जुनी कोठारे पाडून मोठी बांधू पाहणारा धनवान घेतला आणि समोर बसलेल्या श्रीमंतांना सांगितले, की तुमच्या कोठारात अडवून ठेवलेली भाकर भुकेल्याची आहे, पेटीतला अंगरखा उघड्याचा आहे. जे देता येत असून दिले नाही, त्या प्रत्येकाचे तुम्ही देणे लागता. दान या शब्दाभोवतीचे पुण्याचे वलय त्याने बाजूला केले आणि मालकीच्या हक्कालाच हात घातला. पुढे तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने म्हटले, की अगदी निकराच्या गरजेत दुसऱ्याचे घेणे ही चोरी ठरत नाही. त्या विधानामागेही संपत्ती मुळात सर्वांसाठी आहे हाच विचार आहे.

बेसिल बोलून थांबला नाही. त्याचा मित्र नाझियान्झसचा ग्रेगरी सांगतो, की त्याने भुकेल्यांना एका जागी जमवले, पोटभरीच्या डाळीच्या कढया चढवल्या आणि कमरेला पंचा गुंडाळून तो स्वतः त्यांच्या सेवेत उतरला. पुढे शहराबाहेर त्याने आजारी, कुष्ठरोगी, वाटसरू, अनाथ यांच्यासाठी वसाहत उभारली. लोक तिला बेसिलियास म्हणू लागले आणि ग्रेगरीने तिचे वर्णन नवे नगर असे केले. बेसिलची बहीण मक्रिना हिने दुष्काळात रस्त्यावर टाकलेल्या मुलींना उचलून आपल्या आश्रमात वाढवले, हे मात्र फार थोडे वाचक जाणतात. भावाच्या व्याख्यानांवर ग्रंथ निघतात. बहिणीच्या कामाचा पत्ता दुसऱ्या एका भावाने लिहिलेल्या तिच्या चरित्रातल्या मोजक्या ओळींतून लागतो.

या काळाची साक्ष विरोधकांकडूनही मिळते. सम्राट जुलियन ख्रिस्ती धर्म सोडून जुन्या देवतांकडे वळला होता. गलतियाच्या मुख्य पुजाऱ्याला पाठवलेल्या, ३६२ च्या मानल्या जाणाऱ्या पत्रात तो चिडून म्हणतो, की हे ख्रिस्ती लोक आपल्या गरिबांबरोबर आमच्याही गरिबांना पोसतात आणि आमच्या लोकांना आमच्याकडून काही मिळत नाही. पत्राच्या अस्सलपणाबद्दल अलीकडे शंका घेतली गेली आहे, आणि विद्यार्थ्याने ती बाजूही जरूर वाचावी.

मधली हजार वर्षे मी इथे ओलांडतो. मठ, यात्रेकरूंसाठी धर्मशाळा, असिसीच्या फ्रान्सिसचे दारिद्र्य यांवर मुबलक लेखन आहे. सोळाव्या शतकात मात्र थांबायला हवे. १५२३ साली जर्मनीत, सॅक्सनीतल्या लाइसनिग गावाने सामाईक पेटीची नियमावली केली आणि तिला मार्टिन लूथरने प्रस्तावना लिहिली. पेटीला चार वेगवेगळी कुलपे. चार किल्ल्या चौघांकडे : सरदार घराण्यांकडे, नगरपरिषदेकडे, शहरातल्या सामान्य नागरिकांकडे आणि खेड्यांतल्या शेतकऱ्यांकडे. दहा विश्वस्त, त्यांत तीन शेतकरी. चौघे एकत्र आल्याशिवाय पेटी उघडणार नाही. पुढे नगरपरिषदेने मालमत्ता सोडायला नकार दिल्याने ही योजना रखडली. तरी त्या चार किल्ल्या मला पौलाने नेमलेल्या त्या साक्षीदार बंधूंच्या थेट वारसदार वाटतात.

आता आपल्या किनाऱ्याकडे येऊ. लिस्बनमध्ये १४९८ साली स्थापन झालेला ‘मिझेरिकोर्दिया’ हा दयाकार्याचा बंधुसंघ पुढच्या काही दशकांतच गोव्यात आला. रुग्णांची सेवा, कैद्यांना मदत, मृतांचे दफन, अनाथ मुलींची लग्ने लावून देणे ही त्याची कामे. याच गोव्यात १५५९ मध्ये पोर्तुगीज राजसत्तेने असा कायदा लागू केला, की हिंदूंच्या अनाथ मुलांना ताब्यात घेऊन ख्रिस्ती म्हणून वाढवावे. अनाथांची काळजी हे ख्रिस्ती औदार्याचे सर्वांत जुने कार्य. सत्तेच्या हातात पडल्यावर त्याचे हे झाले. पुढे तर ज्या मुलांचे आजी-आजोबा, चुलते, कधी आईसुद्धा जिवंत होते, त्यांनाही ‘अनाथ’ ठरवण्यात आले. या क्षेत्रात शिरणाऱ्या ख्रिस्ती वाचकाने हा भाग टाळू नये, आणि हिंदू वाचकाने तो विचारताना संकोच करू नये. घेणाऱ्याला नकार देण्याची मुभा होती का, हा प्रश्न प्रत्येक दानाला विचारला पाहिजे.

एकोणिसाव्या शतकातल्या दुष्काळांच्या वेळी महाराष्ट्रातही हाच प्रश्न वेगळ्या रूपात उभा राहिला. धान्याच्या आमिषाने धर्मांतर होते, असा आरोप मिशनऱ्यांवर झाला. अनेक मिशनरीही भुकेपोटी बाप्तिस्मा मागायला आलेल्यांकडे काळजीने पाहत. पंडिता रमाबाईंकडे या चर्चेत नीट पाहायला हवे, कारण त्या दोन्ही टोकांना उभ्या राहिलेल्या होत्या. १८७४ च्या सुमारास दुष्काळात त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे गेले, पाठोपाठ आई आणि बहीण. भूक म्हणजे काय हे रमाबाईंना कोणी सांगावे लागत नव्हते. पुण्य मिळावे म्हणून घरची पुंजी ब्राह्मणांना दाने देण्यात कशी संपली हे त्यांनी पुढे लिहिले. देण्याच्या एका व्यवस्थेतून त्या दुसऱ्या व्यवस्थेत आल्या त्या अशा डोळसपणे. १८८९ साली त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडले, पुढे ते पुण्याला आले. १८९३ मध्ये धर्मांतराच्या आरोपावरून वादळ उठले आणि सल्लागार मंडळातून रानडे आणि भांडारकर बाहेर पडले. मग १८९६–९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीत सापडलेल्या मुली आणि बालविधवा घेऊन परतल्या. पुण्यात प्लेगमुळे त्यांना ठेवता येईना, म्हणून केडगावच्या शेतावर नेले. मुक्ती मिशनचा विस्तार तिथून झाला. शेती, विणकाम, छापखाना अशी कामे तिथल्या बायका शिकल्या. रमाबाईंनी केलेल्या बायबलच्या मराठी भाषांतराच्या छपाईला याच बायकांचे हात लागले. मक्रिनाच्या आश्रमाची आठवण मला केडगावच्या इतिहासात पानोपानी येते. मात्र रमाबाईंनी १९०७ साली स्वतःची साक्ष लिहून ठेवली, त्यामुळे त्यांचे काम समजून घेण्यासाठी आपल्याला कोणा भावाच्या लेखणीवर अवलंबून राहावे लागत नाही.

लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ या विषयाच्या दृष्टीने पुन्हा वाचावीत असे मी सुचवतो. नारायण वामन टिळकांचा हात कायम मोकळा. समोर आला त्याला द्यायचे. चूल कशी पेटवायची याचा घोर लक्ष्मीबाईंना. एकाच्या औदार्याची किंमत घरातल्या दुसऱ्याला मोजावी लागते, ही गोष्ट धर्मशास्त्राच्या ग्रंथांत मिळत नाही, ती या आत्मचरित्रात ठायी ठायी आहे.

आणि भारताच्या दुसऱ्या टोकाला मिझोराम. १९१० च्या सुमारास तिथल्या प्रेस्बिटेरियन स्त्रियांनी ‘बुहफाइ थाम’ सुरू केले. प्रत्येक स्वयंपाकाच्या वेळी भांड्यात तांदूळ घेतले, की त्यातली मूठभर वेगळी काढायची. साठलेला तांदूळ मंडळीच्या स्त्रिया गोळा करतात, तो विकून आलेला पैसा मंडळीच्या कामाला जातो. शंभराहून अधिक वर्षे हे चालू आहे. पौलाने आठवड्यातून एकदा बाजूला काढायला सांगितले होते. या बायकांनी ते रोजच्या चुलीपाशी आणले, आणि घरातला पैसा ज्यांच्या हाती नव्हता त्यांनाही देणारे केले.

मराठी मंडळ्यांचा असा इतिहास अजून लिहिला जायचा आहे. त्याची साधने आहेत. १८४२ साली अहमदनगरला सुरू झालेल्या ‘ज्ञानोदय’चे जुने अंक आहेत, मिशनांचे वार्षिक अहवाल आहेत, वसईच्या चर्चमधली दप्तरे आहेत, आणि गावोगावच्या मंडळ्यांची इतिवृत्ते आणि दानार्पणाच्या वह्या आहेत. अहवाल इंग्रजीत आणि देणगीदारांना खूश ठेवण्यासाठी लिहिलेले असत, तेव्हा ते जपून वाचावेत. वह्या मराठीत आहेत आणि त्या कोणाला खूश करण्यासाठी लिहिलेल्या नाहीत. अशी वही हाती आली तर एकूण बेरजेकडे नंतर वळा. आधी कापणीच्या सणाची पाने काढा. नगरकडच्या खेड्यांत त्या दिवशी लोक ज्वारी-बाजरी, अंडी, कोंबडी, भाजी असे जे असेल ते घेऊन येतात, उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो आणि बोली मुद्दामच बाजारभावाच्या वर नेली जाते. वस्तू कोणी आणली, बोली कोणी लावली, घेतलेली वस्तू कोणी पुन्हा लिलावात ठेवली, आणि शेवटी ती कोणाच्या घरी गेली, या चारही गोष्टींची नोंद कुठे सापडली तर ती पाने उतरवून घ्या. वहीला वाळवी लागलेली असेल तर त्याच दिवशी.